औषधानंतरचे आरोग्य : व्यवसायोपचाराचे कार्य

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

गावाचे आरोग्य मोजण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. जन्म किती झाले, मृत्यू किती झाले, साथीचे रुग्ण किती आढळले, किती बालकांना लस टोचली, याच्या नोंदी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवल्या जातात. या नोंदींचे महत्त्व मोठे आहे. घरोघर फिरून रुग्ण शोधणे, प्रत्येकाची नोंद करणे आणि लस देणे या मार्गानेच देवीचा रोग देशातून नाहीसा झाला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तथापि रोग बरा झाल्यानंतर माणूस आपले रोजचे काम करू शकतो की नाही, याची नोंद सहसा कोठे होत नाही. आजच्या भाषणाचा विषय ही न होणारी नोंद हाच आहे.

पूर्व विदर्भातील एखाद्या गावातील शेतमजूर स्त्रीचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. तिला कुष्ठरोग झाला होता. तो वेळीच नसला, तरी अखेर ओळखला गेला. तिने वर्षभर नेमाने बहुविध औषधोपचार घेतला. रोगजंतू नष्ट झाले, औषधाची मुदत संपली आणि उपचार पूर्ण झाल्याची नोंद होऊन रुग्णांच्या यादीतून तिचे नाव कमी झाले. शासनाच्या दृष्टीने हे यशच होय. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तीच स्त्री चुलीपुढे बसते आणि तापलेला तवा हाताने उतरवते. औषध सुरू होण्यापूर्वीच तिच्या उजव्या हाताची जाणीव गेलेली असते. हात पोळतो, पण तिला कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात घेऊन ती धानाच्या रोवणीला चिखलात उतरते. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. असे चार-दोन वेळा झाले की बोट आखूड होते. गाव म्हणते, रोग अजून गेला नाही. रोग तर केव्हाच गेलेला असतो. हात मात्र रोज थोडा थोडा जात असतो, आणि तो कोणाच्याच यादीत नसतो.

औषध जेथे थांबते तेथून पुढे ज्या उपचारशाखेचे कार्य सुरू होते, तिला व्यवसायोपचार असे नाव आहे.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

या नावामुळे पुष्कळदा गैरसमज होतो. व्यवसाय म्हणजे धंदा किंवा नोकरी असा अर्थ घेऊन, रुग्णाला शिवणकाम किंवा खुर्च्या विणण्याचे काम मिळवून देणारी ही एखादी योजना असावी, असे अनेकांना वाटते. वास्तविक येथे व्यवसाय या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत माणूस ज्या ज्या गोष्टी करतो, त्या सर्व त्याचे व्यवसायच होत. आंघोळ करणे, सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडात घालणे, भाकरी थापणे, पाणी शेंदणे, खुरपणी करणे, पाटीवर अक्षर काढणे, नातवाला कडेवर घेणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. आजाराने, अपघाताने, जन्मजात व्यंगामुळे किंवा वार्धक्याने यांतील जे जे अडले असेल, ते पुन्हा करता यावे यासाठी केलेला उपचार म्हणजे व्यवसायोपचार. त्यात काम हे साध्यही असते आणि साधनही असते. कणीक मळताना हाताला व्यायाम होतो, आणि व्यायाम कशासाठी तर कणीक मळता यावी म्हणून.

भौतिकोपचाराशी या शाखेचे जवळचे नाते आहे. भौतिकोपचार तज्ज्ञाचे लक्ष मुख्यतः स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल आणि वेदना यांवर असते. व्यवसायोपचार तज्ज्ञ त्याच्याही पुढे जाऊन तीन प्रश्न विचारतो. या माणसाला कोणते काम करावयाचे आहे? ते करताना नेमके कोठे अडते? आणि ही अडचण माणसाला शिकवून दूर होईल, अवजार बदलून दूर होईल, की घर आणि परिसर बदलून? हा तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण माणूस बदलण्याला मर्यादा असतात. मूठ, पायरी आणि उंबरठा बदलण्याला तेवढ्या मर्यादा नसतात.

मुंबईत रोवलेले रोप

या शाखेला संघटित स्वरूप प्रथम अमेरिकेत १९१७ साली मिळाले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कार्यातून तिची उपयुक्तता लोकांच्या ध्यानी आली. भारतात ती आणण्याचे श्रेय श्रीमती कमलाबाई निंबकर यांच्याकडे जाते. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. १९३० च्या सुमारास त्या विवाह करून भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. पुढे चाळिशी उलटल्यानंतर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईत परळ येथील महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातील अशा प्रकारची ही पहिली शाळा. दोनच वर्षांनी, १९५२ साली, अखिल भारतीय व्यवसायोपचार तज्ज्ञ संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जन्माला आलेल्या या विषयाच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचाही समावेश होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

त्यानंतर १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे केंद्र शासनाची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. व्यवसायोपचार व भौतिकोपचार या दोन्ही शाखांसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र परिषदेचा कायदा केला, आणि २०२१ साली संसदेने केलेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातही या शाखेला स्थान मिळाले. या देशातील व्यवसायोपचाराचे मूळ अशा रीतीने महाराष्ट्राच्या मातीत आहे.

व्यक्तीकडून समष्टीकडे

एका रुग्णाच्या हाताकडे पाहणारी ही विद्या संपूर्ण समाजाच्या आरोग्याला कशी उपयोगी पडेल, असा प्रश्न कोणी विचारील. कुष्ठरोगाच्या कार्याचा इतिहास त्याचे उत्तर देतो, आणि तो इतिहासही पुष्कळसा महाराष्ट्रातच घडलेला आहे.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरुग्णांची वसाहत सुरू केली. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. तरीही तेथील रुग्ण शेती करीत, सूत कातीत. सेवाग्राम आश्रमात संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांना हा रोग झाला असता गांधीजींनी त्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभारले. समाजाने टाकून दिलेल्या हातांनी तेथे विहिरी खणल्या, शेते पिकवली, इमारती बांधल्या. व्यवसायोपचार हे नाव या थोर सेवकांनी वापरले असो वा नसो, काम करणारा माणूस रोगी असूनही निरोगी जीवन जगू शकतो, हे त्या शास्त्राचे सूत्र त्यांनी प्रत्यक्षात उतरवले होते.

या वसाहतींना एक मर्यादा होती. तेथे आलेला रुग्ण सावरत असे, पण त्याचे गाव मात्र जसेच्या तसे राही. १९५१ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली दुसरी वाट धरली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन पाहणी करावी, लोकांना शिक्षण द्यावे आणि घराजवळच उपचार करावा, ही ती पद्धती. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात हीच पद्धती अंगीकारण्यात आली. समष्टीचे आरोग्य म्हणतात ते हेच. एक वाट रुग्णाच्या हाताला काम देणारी, दुसरी गावाच्या दारापर्यंत जाणारी. या दोन वाटा जेथे एकत्र येतात, तेथे व्यवसायोपचार सार्वजनिक आरोग्याचे अंग बनतो.

बोटे का झडतात?

कुष्ठरोगाने बोटे झडतात, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. ती चुकीची असल्याचे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ नंतरच्या काळात दाखवून दिले. रोग मज्जातंतूंवर आघात करतो. त्यामुळे काही स्नायू लुळे पडतात आणि त्वचेची जाणीव जाते. वेदना ही शरीराची राखणदार. ती गेली की भाजणे, कापणे, घासणे या रोजच्या इजा माणसाच्या ध्यानात येत नाहीत, जखमेला विश्रांती मिळत नाही, आणि बोट झिजत जाते. म्हणजे बोटांचा नाश हा रोगाचा अटळ परिणाम नसून न कळलेल्या इजांचा परिणाम आहे. या शोधाचा अर्थ आशादायक आहे. इजा टाळता येते, म्हणून बोटही वाचवता येते.

कोपराजवळून जाणारा मज्जातंतू बिघडला की करंगळी व अनामिका वाकडी होतात. मनगटातून जाणारा बिघडला की अंगठा कामातून जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा बिघडला की पाऊल लोंबते आणि चालताना घासते. अशा वाकड्या हातावर शस्त्रक्रिया करून चांगल्या स्नायूचा कंडरा लुळ्या स्नायूच्या कामी लावता येतो. परंतु शस्त्रक्रियेने हात सरळ झाला, तरी तो लगेच कामाचा होत नाही. जो स्नायू इतकी वर्षे एक काम करीत आला, त्याला दुसरे काम शिकवावे लागते. आधी मऊ गोळा दाबणे, मग दाणे उचलणे, मग गुंडी लावणे, मग लेखणी धरणे, अशी ही शिकवणी आठवडेच्या आठवडे चालते. ती देणारा मुख्यतः व्यवसायोपचार तज्ज्ञ असतो. ती मिळाली नाही, तर कुशल शल्यचिकित्सकाचे श्रमही वाया जाण्याचा संभव असतो.

चुलीपासून शेतापर्यंत

शस्त्रक्रियेची गरज सर्वांना नसते. रोजच्या काळजीची गरज मात्र बधिर हातापायाच्या प्रत्येक माणसाला असते, आणि ती काळजी अत्यंत साधी आहे.

हातपाय रोज पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावेत. जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासावी आणि ओलसर असतानाच तेल लावावे, म्हणजे भेगा पडत नाहीत. झोपण्यापूर्वी तळहात व तळपाय डोळ्यांनी नीट पाहावेत. जे काम वेदना करीत होती, ते आता डोळ्यांनी करावयाचे असते. वाकू लागलेली बोटे दुसऱ्या हाताने मांडीवर सरळ करण्याचा व्यायाम रोज करावा, आणि रात्री आधारपट्टी बांधावी. पायात मऊ एम.सी.आर. रबराची, खिळे नसलेली, मागे पट्टा असलेली चप्पल असावी. अनवाणी चालणे पूर्णपणे वर्ज्य करावे.

यानंतर अवजारांकडे वळावे. तव्याला आणि पातेल्याला हात न लावता ती चिमट्याने किंवा जाड फडक्याने उचलावी. उलथण्याला लांब लाकडी मूठ बसवावी. चहा धातूच्या पेल्यातून न घेता लाकडी वेष्टनाच्या किंवा कानाच्या कपातून घ्यावा. खुरप्याची आणि विळ्याची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड व मऊ करावी, म्हणजे ती घट्ट आवळावी लागत नाही आणि फोड येत नाही. विडी ओढणाऱ्याची बोटे निखाऱ्याने भाजतात, म्हणून ती सवय सोडणे दुहेरी हिताचे. या गोष्टींना खर्च असा फारसा नाही. गावचा सुतार आणि लोहार हेच येथे तज्ज्ञाचे साहाय्यक होऊ शकतात. तथापि कोणाला काय बसेल, हे त्या माणसाचे काम पाहून ठरवावे लागते. मोळ्या वाहणाऱ्याची गरज वेगळी, विड्या वळणारीची वेगळी. हे पाहण्याची शिस्त म्हणजेच व्यवसायोपचार.

आज उणीव कोठे आहे?

बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१-८२ च्या सुमारास केली आणि तो देशभर पोहोचला. २००५ च्या अखेरीस देशातील कुष्ठरुग्णांचे प्रमाण दहा हजारांस एकाहून खाली आले. हे यश थोर आहे. पण त्याचा एक अनिष्ट परिणामही झाला. रोग संपला, अशी समजूत पसरली. वस्तुस्थिती अशी की जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात, आणि महाराष्ट्राच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. शिवाय पूर्वी बरे झालेले, पण बधिर हातापायांनी जगणारे लोक कोणत्याही नव्या आकड्यात येत नाहीत.

ही उणीव एकट्या कुष्ठरोगापुरती नाही. पोलिओ गेला, पण त्याने अधू केलेले पाय मागे राहिले. रक्तदाबाच्या विकारातून पक्षाघात झालेला शेतकरी रुग्णालयातून जिवंत घरी येतो आणि पुढील आयुष्य ओसरीवरच्या बाजेवर काढतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी प्रत्येकाच्या दिवसात कोणते काम अडले आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. व्यवसायोपचार तज्ज्ञ बहुतांशी शहरांतील रुग्णालयांत आहेत, आणि अडलेले काम खेड्यातील चुलीपाशी, बांधावर व मोरीत आहे. हे अंतर कमी करणे, हा आजचा खरा प्रश्न होय.

गावाने काय करावे?

प्रत्येक गावात तज्ज्ञ नेमणे शक्य नाही. परंतु तज्ज्ञाची दृष्टी गावात आणणे शक्य आहे.

आशा स्वयंसेविका व आरोग्य सेवक यांनी उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाच्या भेटी थांबवू नयेत. भेटीत औषधाबरोबर हातापायांचीही विचारपूस व्हावी. हात बघू द्या, ताई, चूल कशी पेटवता ते दाखवा, एवढे म्हटले तरी पुष्कळ काही उघड होते. नवी बधिरता किंवा अशक्तपणा आढळला तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे, कारण मज्जातंतू सुजल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार मिळाल्यास गेलेली जाणीव परत येऊ शकते. विलंब झाल्यास ती सहसा येत नाही.

शिक्षकांचे स्थान याहून मोलाचे आहे. अंगावरचा फिकट, न खाजणारा, बधिर चट्टा सर्वप्रथम शाळेत दिसू शकतो. लेखणी वारंवार गळून पडणारे मूल आळशी असेलच असे नाही. त्याला रागावण्यापूर्वी त्याची बोटे पाहावीत. जाड लेखणी, टेकता येणारे बाक, मुख्य म्हणजे इतर मुलांबरोबर बसण्याची जागा, एवढ्यानेही पुष्कळ मुलांचे शिक्षण वाचते. कुष्ठरोग झालेल्या माणसाचे मूल शाळेत वेगळे बसवले जाणार नाही, हे पाहणे तर शिक्षकाचेच कर्तव्य होय. औषध सुरू झाल्यानंतर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होण्याचा धोका राहत नाही, हे शिक्षकाने सांगितले की गाव ऐकते.

ग्रामपंचायतींच्या हाती तर प्रत्यक्ष साधने आहेत. स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा, असे शासनाचे धोरण आहे. हा निधी वर्षअखेरीस घाईने वाटून टाकण्याऐवजी, आधी गावातील प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला तिचे कोणते काम अडते, असे विचारावे आणि मग खर्च ठरवावा. कोणाला शौचालयात धरावयास दांडी हवी असेल, कोणाला उंबरठ्याशी उतरण, कोणाला सार्वजनिक नळाचा चाव बदलून हवा असेल, तर कोणाला एम.सी.आर. चपलेचा नवा जोड. रेशन दुकानाच्या आणि पंचायत कार्यालयाच्या पायऱ्यांपासून हा विचार सुरू करता येईल.

अधिकाऱ्यांनी कायद्याची जाण ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीचा स्पष्ट समावेश आहे. जुना १८९८ चा कुष्ठरुग्णविषयक कायदा रद्द झाला आहे, आणि २०१९ पासून हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून मान्य राहिलेला नाही. जिल्हा रुग्णालयातील व्यवसायोपचार तज्ज्ञाने महिन्यातून काही दिवस तालुक्याच्या ठिकाणी यावे, आशा स्वयंसेविकांना शिकवावे आणि अवघड रुग्ण स्वतः पाहावेत, अशी व्यवस्था जेथे होईल, तेथे एका तज्ज्ञाचे ज्ञान शंभर गावांपर्यंत जाईल.

बंधुभगिनींनो, प्रारंभी उल्लेखिलेल्या त्या शेतमजूर स्त्रीकडे अखेरीस पुन्हा वळावे. तिला मोठ्या यंत्राची गरज नाही. तिला लाकडी मुठीचे उलथणे, एक चिमटा, मऊ चपलेचा जोड, रोज संध्याकाळी हातपाय पाहण्याची सवय आणि रोवणीच्या रांगेत तिच्या शेजारी उभी राहावयास न कचरणारी एक बाई हवी आहे. पहिल्या चार गोष्टी आरोग्य खाते व पंचायत देऊ शकतील. पाचवी गावालाच द्यावी लागेल. ती मिळाली, तर तिच्या हातची भाकरी घर खाईल, तिच्या हातची रोवणी शेत भरून टाकील, आणि नोंदवहीत लिहिलेला रोगमुक्त हा शब्द तिच्या बाबतीत खरा ठरेल.